‘झोपू दे, सकाळी उतरेल’: वसतिगृहातल्या नशेबद्दल नेमकं काय माहीत असायला हवं?

निशिगंध

दर वर्षी नवे विद्यार्थी विद्यापीठात आले की व्यसनविरोधी व्याख्यान होतं. सडलेल्या यकृताची चित्रं दाखवतात, ‘नाही म्हणायला शिका’ सांगतात आणि सभागृह रिकामं होतं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींना चाळिशीतल्या सिरॉसिसची (यकृत घट्ट होऊन निकामी होण्याची) भीती वाटत नाही. त्या वयात जीव जातो तोही बहुतेक वेळा सिरॉसिसने नाही. तो एका रात्रीत जातो. अतिप्रमाण होतं, उलटी श्वासनलिकेत जाते, दोन पदार्थ एकत्र घेतले जातात, गच्चीवरून तोल जातो, नाहीतर गाडीवर अपघात होतो.

पहिल्या वर्षाचे पहिले सहा आठवडे सर्वांत नाजूक मानले जातात. घर सुटलेलं असतं, ओळखी नव्या असतात, आणि गटात सामावून जायची घाई असते. म्हणून त्याआधीच प्रत्येक खोलीच्या दारामागे एक कागद लावायचा विचार आहे. त्यावर काय असावं? शिवाय रात्रीपुरतं झालं की पुढचं काय: कोण घसरत चाललंय हे कसं ओळखायचं, त्याच्याशी कसं बोलायचं? विषय माहीत असणाऱ्यांनी कृपया नेमकं लिहावं. किती, कधी आणि का.

कातळ

कागदावर एकच गोष्ट मावणार असेल तर ती शीर्षकातलीच: ते वाक्य म्हणायचं नाही.

पोटातली दारू रक्तात उतरायला वेळ लागतो. शेवटचा घोट घेतल्यावरही अर्धा ते दीड तास रक्तातलं प्रमाण चढत राहू शकतं. म्हणजे पलंगावर टाकला तेव्हा बडबडत असलेला मुलगा तासाभराने जास्त खोल गेलेला असतो, आणि तोवर खोलीतले बाकीचे झोपलेले असतात. दारू मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र मंद करते. घशाची प्रतिक्षिप्त क्रियाही बोथट करते. एरवी उलटी वर आली की ठसका लागतो आणि माणूस वळतो. इथे ठसकाच लागत नाही. माणूस उताणा असेल तर उलटी सरळ फुप्फुसात जाते.

हाक मारा, खांदे हलवा, खांद्यावरचा स्नायू जोरात चिमटीत धरा. डोळे उघडून अर्थ लागेल असं काही बोलला नाही तर ती झोप नाही, बेशुद्धी आहे. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांचा किंवा त्याहून मोठा खंड, ओठ वा नखं निळसर, अंग गार आणि चिकट, झटके, शुद्ध नसताना उलटी, यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णवाहिका बोलवायची. सगळी लक्षणं जमायची वाट पाहायची नाही. मोठ्याने घोरणं ऐकून ‘गाढ झोपलाय’ असा समज होतो. बेशुद्धीतली घरघर ही पुष्कळदा अर्धवट बंद झालेल्या श्वासमार्गाची असते.

रुग्णवाहिका येईपर्यंत कुशीवर वळवा. त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसा. तुमच्याकडचा हात शरीराशी काटकोनात बाजूला पसरा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याची मागची बाजू तुमच्याकडच्या गालाला लावून धरा. दुसऱ्या हाताने पलीकडचा गुडघा वर दुमडा आणि तो गुडघा स्वतःकडे ओढा. अंग आपोआप वळतं, ताकद लागत नाही. वरचा पाय नितंब आणि गुडघा दोन्हीकडे काटकोनात ठेवा, म्हणजे तो पोटावर लोळणार नाही. शेवटी हनुवटी किंचित वर करून तोंड जमिनीकडे झुकलेलं ठेवा. बरेच जण ही शेवटची पायरी विसरतात. मान छातीकडे दुमडलेली राहिली तर कुशीवर असूनही श्वास अडतो.

मितभाषी

काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी, बोटं घालून उलटी काढणं?

कातळ

तिन्ही नको. कॉफीने दारू उतरत नाही, आणि गिळता येत नसेल तर ती फुप्फुसात जाते. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात, उष्णता वेगाने निघून जात असते. त्यात गार पाणी ओतलं तर शरीराचं तापमान आणखी घसरतं. अर्धशुद्धीत उलटी काढायला गेलात तर आपण जे टाळायला बघतोय तेच घडेल. चालवत फिरवू नका, पडून डोकं फुटतं. चादरीने झाका, श्वास बघत राहा आणि एकटं सोडू नका.

श्वास थांबला, किंवा मधूनमधून नुसते आचके येत असतील, तर छाती दाबायला लागा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. शिकलेलं असेल तर 30 दाबांमागे 2 श्वास.

शंकेखोर

माहिती उपयोगी आहे, पण मूळ कल्पनेलाच हरकत. असा कागद दारावर लावणं म्हणजे ‘प्या, आम्ही सांभाळायला आहोत’ असं सांगणं नाही का? विद्यापीठाने स्वच्छ ‘नाही’ म्हणावं. पीत असाल तर असं करा, ही भाषाच घातक वाटते.

पाऊलवाट

शंकेखोर, ही हरकत नेहमी येते आणि ती प्रामाणिक आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या करा. मित्र निळा पडला तर काय करायचं, हे सांगण्याने कोणी प्यायला लागत नाही. आणि नुसत्या माहितीने वा भीतीने पिणं कमी होत नाही, हे व्यसनप्रतिबंधाच्या कामात वारंवार दिसलेलं आहे. व्याख्यानानंतर मुलं जास्त प्रश्न बरोबर सोडवतात, शनिवारी मात्र तेवढीच पितात.

उपयोग होतो तो वेगळ्या मार्गाने. 1986 साली पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी विद्यार्थ्यांच्या समजुती आणि प्रत्यक्ष मतं ताडून पाहिली. आपले सोबती दारूबाबत जेवढे सैल आहेत असं विद्यार्थ्यांना वाटत होतं, तेवढे ते नव्हते. हा गैरसमज पुढे अनेक ठिकाणी सापडला. कारण समजण्यासारखं आहे. जिन्यात ओकणारा एक जण सगळ्यांच्या लक्षात राहतो, खोलीत वाचत बसलेले चाळीस जण कोणाला दिसत नाहीत. मग नव्या मुलाला वाटतं, इथे सगळेच पितात, आणि तो त्या काल्पनिक सरासरीला गाठायला जातो.

वॉशिंग्टन विद्यापीठात यावर आधारलेली ‘बेसिक्स’ ही पद्धत तयार झाली. साधारण तासाभराच्या दोन भेटी असतात. पहिलीत तो किती, कधी, कोणाबरोबर पितो हे तपशिलाने विचारतात. दुसरीत त्याचेच आकडे त्याच्यासमोर ठेवतात: तू इतकं पितोस, तुला बाकीचे इतकं पितात असं वाटतं, प्रत्यक्षात ते इतकं पितात. ‘सोड’ असा आदेश नसतो. पिणं कमी करायचं का आणि कुठे, हे त्यालाच ठरवू देतात.

रसायन

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर मोजायचं कसं ते सांगतो. ‘दोनच घेतले’ याला अर्थ नाही, ग्रॅम बघायचे. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले 100, गुणिले 0.789.

40 टक्क्यांची 30 मिली म्हणजे साडेनऊ ग्रॅम. 5 टक्क्यांची 500 मिली बिअर सुमारे 20 ग्रॅम, तीच 8 टक्क्यांची ‘स्ट्राँग’ असेल तर 32 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ‘बिअरच तर आहे’ म्हणत रिचवलेला तो एक कॅन 30 मिलीच्या तीन पेगांहून जास्त भरतो. खोलीत अंदाजाने ओतलेला पेग जवळजवळ नेहमीच मापापेक्षा मोठा असतो. एका ‘प्रमाणित पेया’त ब्रिटनमध्ये 8 ग्रॅम धरतात, अमेरिकेत 14. इंटरनेटवरचा कोणताही तक्ता वाचताना तो कोणत्या देशाचा आहे ते आधी बघा.

यकृत सर्वसाधारण माणसात तासाला 7 ते 10 ग्रॅम मोडतं. लिंबूपाणी, घाम, झोप, कशानेही हा वेग वाढत नाही. आता हिशोब करा. रात्री नऊपासून 60 मिलीचे सहा पेग म्हणजे जवळपास 114 ग्रॅम. ते पूर्ण जायला 11 ते 16 तास. सकाळी आठला परीक्षेला गाडी चालवत निघालेल्या मुलाच्या रक्तात अजूनही दारू असू शकते, आणि झोप झाल्यामुळे त्याला स्वतःला ते कळत नाही.

आणखी एक. मुलींच्या शरीरात वजनाच्या मानाने पाणी कमी असतं, त्यामुळे वजन सारखं असलं तरी रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. ‘बरोबरीने पिऊन दाखव’ हा खेळ म्हणूनच धोक्याचा.

सांजवेळ

रसायन, एनर्जी ड्रिंकमध्ये दारू मिसळण्याबद्दलही लिहा ना. आणि अभ्यासासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल. परीक्षेच्या दिवसांत खरा प्रश्न तोच असतो.

रसायन

कॅफिन पेंग घालवतं, दारूचं प्रमाण घालवत नाही. ‘आता बास’ सांगणारी शरीराची खूण म्हणजे पेंग. ती गेली की माणूस जागा राहून आणखी पितो.

अभ्यासाच्या गोळ्या म्हणजे बहुधा मेथिलफेनिडेट किंवा अ‍ॅम्फेटामिन गटातली, कोणाच्या तरी एडीएचडीच्या (लक्ष टिकवता न येण्याच्या विकाराच्या) औषधातून मागून घेतलेली. एडीएचडी असलेल्याला त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली खरोखर उपयोगी पडतात. इतरांना आपण खूप चांगलं काम केलं असं *वाटतं*, प्रत्यक्ष समज तेवढी वाढत नाही. रात्र जागून काढली की नवं शिकलेलं पक्कं होण्याची वेळच जाते. मग छाती धडधडते, झोप येत नाही, म्हणून झोपेची गोळी किंवा दारू, सकाळी सुस्ती, म्हणून परत गोळी. एका सत्रात हे चक्र पक्कं बसू शकतं.

आता जीवघेण्या जोड्या. दारूबरोबर अल्प्राझोलामसारखी बेंझोडायझेपिन (चिंता शमवणारी, झोप आणणारी गोळी), किंवा दारूबरोबर कोडीन, ट्रॅमाडॉल, हेरॉइन असं कोणतंही ओपिऑइड (अफूच्या जातीचं औषध किंवा नशा): दोन्ही श्वास मंद करतात आणि एकमेकांचा परिणाम वाढवतात. एकेकटं सोसलं म्हणून दोन्ही मिळून सोसेल असं नाही. ट्रॅमाडॉलने शिवाय झटके येतात, आणि नैराश्यावरची काही औषधं चालू असतील तर सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे शरीरातलं सेरोटोनिन हे रसायन घातक प्रमाणात वाढण्याचा, धोका असतो. दारू आणि कोकेन एकत्र घेतलं की यकृतात कोकाएथिलीन तयार होतं. ते कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतं आणि हृदयावर घातक. एमडीएमए (एक्स्टसी) घेऊन तासन्‌तास नाचल्यावर अंग भयंकर तापतं. भीतीने लिटरच्या लिटर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरून झटके येतात.

‘हसवणारा वायू’, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचे फुगे, निरुपद्रवी समजतात. तो ब-12 जीवनसत्त्व निकामी करतो. वारंवार घेणाऱ्याच्या पायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं असं सुरू झालं तर ते मज्जारज्जूचं नुकसान असू शकतं. नुसतं ‘अशक्तपणा’ म्हणून सोडू नका.

मितभाषी

गांजा राहिला.

रसायन

गांज्याने श्वास थांबून मरण येत नाही, म्हणून तो ‘सुरक्षित’ अशी समजूत झाली. खाण्यातून घेतलेला गांजा चढायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून तासाभरात दुसरा तुकडा खाल्ला जातो, मग दोन्ही मिळून चढतात आणि घबराट, भास सुरू होतात. टीएचसीचं (गांज्यातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं) प्रमाण जास्त असलेला माल, रोजचा वापर आणि घरात कोणाला स्किझोफ्रेनिया, हे तिन्ही जुळले तर मनोविकाराचा धोका खरोखर वाढतो. सवयही लागते. रोज ओढणाऱ्याने सोडला की एक ते तीन दिवसांत चिडचिड, झोप न लागणं, भूक मरणं सुरू होतं, पहिल्या आठवड्यात ते शिगेला जातं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. बहुतेकांना कळतच नाही की ही सोडल्याची लक्षणं आहेत. ‘ओढल्याशिवाय मी असाच असतो’ असं वाटून ते परत सुरू करतात.

शंकेखोर

पाऊलवाट, ‘बेसिक्स’चं पटलं. पण मग सरसकट लघवीची तपासणी का नको? पकडले जायची भीती असेल तर कोणी हात लावणार नाही.

रसायन

कारण ती तपासणी नेमकं उलटं मोजते. टीएचसी चरबीत साठतं, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते सोडल्यावर महिनाभरही सापडू शकतं. दारू मात्र नेहमीच्या तपासणीत काही तासांतच दिसेनाशी होते, आणि कित्येक नवे कृत्रिम पदार्थ साध्या पट्टीवर उमटतच नाहीत. म्हणजे जे जास्त धोक्याचं ते सुटतं, आणि मुलांना त्याच दिशेला ढकललं जाण्याची भीती असते. काही साधी औषधंही खोटा ‘पॉझिटिव्ह’ देतात. प्रयोगशाळेतल्या पक्क्या चाचणीशिवाय कोणावर कारवाई केली तर तो अन्याय होईल.

जुनाजाणता

वसतिगृह चालवणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा. कातळ यांनी सांगितलेलं सगळं मुलांना तोंडपाठ झालं तरी रात्री दोन वाजता फोन उचलताना त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: ‘रेक्टरला कळलं तर काढतील का?’ त्या विचारात वीस मिनिटं जातात. दारू लपवतात, खोली आवरतात, मग फोन करतात.

यावर उपाय सापडलेला आहे. कॉर्नेल विद्यापीठाने 2002 मध्ये वैद्यकीय अभयाचं धोरण आणलं: मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई नाही, त्याऐवजी नंतर समुपदेशनाची भेट. ती भेट फार महत्त्वाची. रुग्णालयातून परतल्यावरचे पहिले काही दिवस मुलगा ऐकायच्या मनःस्थितीत असतो.

अभय द्यायचं तर लेखी द्या, कुलसचिवांच्या सहीने, आणि ते त्याच कागदावर छापा. तोंडी आश्वासनावर रात्री दोनला कोणी विश्वास ठेवत नाही. आणि अभयात काय *नाही* तेही लिहा: मारहाण, विक्री, दुसऱ्याच्या पेयात काही मिसळणं.

सांजवेळ

जुनाजाणता, +1. सहीचा मुद्दा फार मोलाचा.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. रूममेट घसरतोय हे ओळखायचं कसं? इथे सगळेच थोडंफार पितात, रेघ कुठे ओढायची?

पाऊलवाट

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, गुण 0 ते 40. आठ किंवा जास्त म्हणजे पिणं धोक्याच्या पातळीला आलं, 20 किंवा जास्त असेल तर अवलंबित्वाची शक्यता, तज्ज्ञाकडे जायलाच हवं. दोन-तीन मिनिटांत स्वतःची स्वतः करता येते.

रूममेटला बाहेरून दिसणाऱ्या खुणा म्हणजे बाटल्यांची संख्या नव्हे. एकटा प्यायला लागला. बाहेर जायच्या आधीच खोलीत पिऊन निघतो. रात्रीचे तुकडेच्या तुकडे आठवत नाहीत. हा ‘ब्लॅकआउट’ म्हणजे बेशुद्धी नव्हे. माणूस चालत-बोलत असतो, पण मेंदूतला हिप्पोकॅम्पस आठवण नोंदवणं थांबवतो, आणि भराभर प्यायल्यावर हे जास्त होतं. सकाळी हात थरथरतात ते एक घोट घेतल्यावर थांबतात. आधी जे प्रमाण चढायचं ते आता चढत नाही. ‘मला पचते’ असं अभिमानाने सांगितलं जातं, प्रत्यक्षात मेंदू दारूला सरावत चालल्याची ती खूण असते.

बोलायचं ते तो शुद्धीत असताना, दोघंच असताना, आणि पाहिलेल्या गोष्टींवर. ‘तू बेवडा झालायस’ नको. ‘गेल्या दोन आठवड्यांत तीन सकाळच्या तासिका बुडल्या, मंगळवारी तू जिन्यात पडलास, मला काळजी वाटते’ असं. मग गप्प राहा. तो म्हणेल, ‘माझ्या हातात आहे सगळं.’ वाद घालू नका. विचारा, ‘कमी करावंसं वाटतं का, शून्य ते दहात किती?’ त्याने तीन सांगितलं तर ‘तीनच?’ म्हणू नका. विचारा, ‘शून्य का नाही, तीन का?’ उत्तर देताना तो स्वतःच्या तोंडाने कमी करण्याची कारणं सांगतो. प्रेरक संवादातली ही साधी युक्ती आहे आणि तिच्यामागे पक्कं कारण आहे: दुसऱ्याने दिलेल्या कारणाला माणूस विरोध करतो, स्वतः उच्चारलेल्या कारणाला कमी.

आणि पिण्याखाली काय आहे ते बघा. चारचौघांत बोलायची भीती, नैराश्य, निदान न झालेला एडीएचडी, घरची ओढ. तो प्रश्न तसाच ठेवून फक्त बाटली काढून घेतली तर बाटली परत येते.

सांजवेळ

आणि तो म्हणाला ‘ठीक आहे, आजपासून बंद’, तर?

कातळ

इथे थांबा. मधूनमधून पिणारा असेल तर उत्तम. पण महिनोन्‌महिने रोज आणि भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत थरथर, घाम, धडधड. 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात. 48 ते 96 तासांत डेलिरियम: भास, भ्रम, ताप, रक्तदाब वर-खाली. मित्रांना वाटतं पहिला दिवस कठीण गेला, आता निभावलं. धोका पुढेच असतो. अशाला डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायचं, औषधं टप्प्याटप्प्याने कमी करत, सोबत थायमिन (ब-1 जीवनसत्त्व). बेंझोडायझेपिनचंही तसंच, एकदम बंद केली की झटके.

आणखी एक चूक घरचे करतात: डायसल्फिरामची (दारू सोडवण्यासाठीची) गोळी न सांगता जेवणात मिसळणं. ती पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, जीव जाऊ शकतो. ती गोळी माणसाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट हे पर्याय आहेत. नाल्ट्रेक्सोन ओपिऑइड घेणाऱ्याला द्यायचं नाही, तीव्र विथड्रॉवल (नशा एकदम तुटल्याचा त्रास) सुरू होतं.

रसायन

कातळ यांना पुस्ती. ओपिऑइड घेणारा सुट्टीत किंवा उपचारात काही आठवडे बंद ठेवून परत आला की सर्वांत जास्त धोका तेव्हा. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि हात जुन्याच मापाने घेतो.

ओपिऑइडच्या अतिप्रमाणाची खूण: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास अगदी मंद, ओठ निळे. मिळत असेल तिथे नालोक्सोनचा (ओपिऑइडचा परिणाम उतरवणाऱ्या औषधाचा) नाकातला फवारा वसतिगृहात ठेवा. एक मात्रा द्या, दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरी. त्याचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, शरीरातलं ओपिऑइड त्याहून जास्त टिकू शकतं. म्हणून उठून बसला, ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी रुग्णालय चुकवायचं नाही. ओपिऑइड नसेल तर फवाऱ्याने अपाय नाही, पण दारू आणि बेंझोडायझेपिनवर तो चालत नाही.

शंकेखोर

निशिगंध, मूळ हरकत मागे घेतो. पण एक अट: जे अजिबात पीत नाहीत त्यांनाही त्या कागदात जागा हवी. रात्री दोनला शुद्धीत तेच असणार आहेत.

पाऊलवाट

अगदी. आणि सोडलेल्यांनाही. ब्राउन विद्यापीठात 1977 मध्ये आणि टेक्सास टेकमध्ये 1986 मध्ये व्यसनातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी खास आधारव्यवस्था सुरू झाली. उपचार घेऊन परतलेल्या मुलाला त्याच खोलीत, त्याच शेजाऱ्यांत टाकायचं आणि ‘आता सांभाळ’ म्हणायचं, हे पाय मोडलेल्याला जिन्यावरची खोली देण्यासारखं आहे. निदान एक मजला नशामुक्त ठेवा, आणि तो सर्वांसाठी खुला ठेवा. फक्त ‘त्यांचा’ मजला झाला की तिथे राहणं म्हणजेच शिक्का.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. कागदाचा मसुदा असा केलाय, मोठ्या अक्षरांत:

‘हाक मारून, हलवून उठत नाही? ही झोप नाही. आधी फोन, मग बाकी सगळं. कुशीवर वळवा, तोंड खाली. एक मिनिट श्वास मोजा. एकटं सोडू नका. काय काय घेतलं ते रुग्णवाहिकेतल्यांना खरं सांगा, वेष्टन असेल तर सोबत द्या. मदत मागणाऱ्यावर कारवाई होणार नाही.’

त्याखाली सही, रुग्णवाहिकेचा, समुपदेशकाचा आणि रेक्टरचा क्रमांक. मागच्या बाजूला ऑडिटचे दहा प्रश्न.

कातळ

चांगला झालाय. दोन दुरुस्त्या. ‘तोंड खाली’च्या आधी ‘हनुवटी वर’ घाला. आणि फोन नंबरांखाली वसतिगृहाचा पूर्ण पत्ता, इमारत, मजला आणि फाटक कोणत्या बाजूला ते छापा. घाबरलेल्या मुलाला रोज राहतो त्या इमारतीचा पत्ताही सांगता येत नाही.

जुनाजाणता

आणि रात्री फाटकाची किल्ली कोणाकडे असते, तेही.